दुसऱ्याच्या हाताची काठी

मित्रांनो, ज्या वर्षी भिंगरीच्या वडिलांनी दुसरे लग्न केले आणि भिंगरी आपली पत्र्याची पेटी घेऊन आत्याकडे राहायला आली, त्या वर्षी माझे दिवस फार चांगले चालले होते. मी उंच साहेबांच्या चामडी पिशवीत राहत होते. खेळ संपला की ते मला आधी ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसत. आज माझ्या पात्यावर गंज चढला आहे. मी एक जुनी गोल्फची काठी आहे.

हा खेळ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला नसेल. मोठ्या हिरव्या मैदानात लांबवर एक छोटे भोक असते. लहानसा पांढरा चेंडू काठीने मारत मारत त्यात घालायचा, एवढाच हा खेळ. पण लांबच्या फटक्याला एक काठी, जवळच्या फटक्याला दुसरी, वाळूतून चेंडू काढायला तिसरी, असे असते. म्हणून खेळणाऱ्याकडे काठ्यांची पिशवीच असते. मी त्यातली सात नंबरची, मधल्या अंतराची. शिकणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा देतात ती हीच.

माझे पाते तापवून, ठोकून आणि घासून केले आहे. ते सुरीसारखे पातळ आहे. त्याच्या मधोमध अंगठ्याएवढी एक जागा आहे. चेंडू तिथे लागला की नुसता टक् असा आवाज होतो आणि चेंडू उंच जातो. जरा इकडेतिकडे लागला, तर माझ्या अंगातून अशी झिणझिणी निघते की मारणाऱ्याचा हात कोपरापर्यंत बधिर व्हावा. माझा दांडा पोलादी आणि ताठ आहे. ज्याच्या अंगात जोर आहे त्याच्या हातात तो थोडा वाकतो आणि चेंडूला उडवतो. ज्याच्या अंगात तेवढा जोर नाही, त्याच्या हातात तो नुसती सळई. मला घडवणाऱ्या कारागिराने मला उजेडात धरून पाहिले होते आणि तो हसून म्हणाला होता, "मानी आहे हं कारटी!"

उंच साहेब पूल बांधणारे अभियंते होते. त्यांचे हात गुडघ्यापर्यंत पोचत. दुकानात त्यांनी मला असेच उचलले नाही. कितीतरी काठ्या त्यांनी फिरवून पाहिल्या, मारून पाहिल्या, परत ठेवल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तोवर त्यांची निम्मी हयात या खेळात गेली होती. आपला फटका कसा जातो, कुठे चुकतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांच्या हातात मी बहुधा चुकले नाही. लोक थांबून बघत. कोणी म्हणे, "साहेब, जरा आम्हाला द्या की." साहेब देत आणि मग हात झटकत बसलेल्या त्या माणसाकडे बघून खो खो हसत.

मग साहेबांची पाठ धरली. डॉक्टरांनी खेळ बंद करायला लावला. ते मुलाच्या लहान घरात राहायला जायला निघाले, तेव्हा आम्हा सगळ्या काठ्यांना कुठे ठेवावे हा प्रश्न पडला. त्याच दिवसांत ते आपल्या पँटी आत्याकडे कमी करायला घेऊन गेले आणि बोलता बोलता म्हणाले, "काठ्या विकायच्या आहेत. कोणी चांगलं गिऱ्हाईक असेल तर सांगा."

आता आत्याबद्दल सांगते.

आत्या म्हणजे भिंगरीच्या वडिलांची मोठी बहीण. पण सगळी गल्ली तिला आत्याच म्हणे. तिचे दुकान मैदानाच्या कुंपणाला लागून होते. बाहेर पाटी होती, 'कपडे कमी-जास्त करून मिळतील'. पुढे दुकान, मागे एक खोली, त्यामागे हातभर अंगण. आत्याने लग्न केले नव्हते. कोणी विचारले तर म्हणे, "मापाचा मिळाला नाही, आणि नवरा काही उसवून शिवता येत नाही." तिची जीभ कात्रीसारखी चाले आणि कात्री तिच्या जिभेपेक्षाही नीट चाले. एकदा माणूस नजरेखालून गेला की तिला टेप लागत नसे. पँट आवळते म्हणून भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला ती शांतपणे म्हणे, "पँट होती तेवढीच आहे. पोट पुढे गेलंय. बोला, कोणाला कापू?"

भिंगरी आली तेव्हा कोणाशी बोलत नसे. आत्याने तिला कापायच्या टेबलावर उभे करून फ्रॉकचे माप घ्यायला घेतले, तर ती एक क्षण स्थिर उभी राहीना. "अगं, ही पोरगी आहे की भिंगरी?" आत्या म्हणाली. तेव्हापासून तेच नाव पडले. ते नाव ऐकून ती पहिल्यांदा हसली, असे आत्या पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे. तिच्याविषयी मला जे माहीत आहे, त्यातले पुष्कळसे मी असेच आत्याच्या तोंडून ऐकले आहे.

मैदानावरचे चुकार चेंडू कुंपणावरून आत्याच्या अंगणात पडत. भिंगरी ते गोळा करी आणि कापड मोजायच्या लाकडी पट्टीने टोलवून परत मैदानात पाठवी. असाच एक चेंडू खेळ शिकवणाऱ्या मास्तरांच्या पायाशी जाऊन पडला. मास्तर तणतणत कुंपणापाशी आले. पण पोरगी पट्टी कशी फिरवते, हे त्यांनी पाहिले आणि त्यांचा राग जागच्या जागी विरला.

"ही कोणाची हो?" त्यांनी विचारले.

"माझी," आत्या म्हणाली. भावाची आहे, हे तिने सांगितले नाही.

मैदानावर मुलांसाठी काही काठ्या ठेवलेल्या होत्या. त्या दिसायला साध्या होत्या. पाते जाड, मागून खोलगट, वजन सगळ्या कडांना वाटलेले, दांडा हलका. चेंडू पात्यावर कुठेही लागला तरी त्या सांभाळून घेत. भिंगरी शाळेतून आली की कुंपणाच्या फटीतून आत शिरे आणि त्या काठ्यांनी खेळे. आत्या मशीनवर बसल्या बसल्या खिडकीतून बघे. चेंडू उंच गेला की तिचा पाय मशीनच्या पायटीवरून उचलला जाई आणि शिवण वाकडी होई.

अशी काही वर्षे गेली. भिंगरी बारा वर्षांची झाली. मग एक दिवस तिचे वडील आले. ते बसवर कंडक्टर होते, थकलेले, पायाने फेंगडे चालणारे. माणूस वाईट नव्हता. घरी नवे बाळ होते, दुसरे वाटेवर होते.

"ताई, आता हिला नेतो," ते म्हणाले. "घरी हाताखाली कोणी तरी हवं. बायकोला एकटीला झेपत नाही."

"मग बायकोला मदतनीस ठेव. माझी पोर कशाला?"

"तुझी?"

  आत्याने हातातली सुई उशीत खोचली आणि सांगितले की, मैदानावर मुलांच्या संघाची निवड आहे. संघात आली तर मैदानवालेच तिच्या शाळेचे बघतील, आणि मग तिला इथेच राहावे लागेल. मास्तरांनी तसे स्वतः सांगितले आहे.

भाऊंनी आपली टोपी हातात फिरवली. "बरं," ते म्हणाले. "घेतलं संघात, तर राहू दे. मी पुन्हा नाव काढणार नाही. पण नाही घेतलं तर शाळेचं वर्ष संपलं की नेणार. मग तू अडवायचं नाहीस. शब्द?"

"शब्द," आत्या म्हणाली.

त्या दिवसापासून आत्याला एकच ध्यास लागला. पोरीला स्वतःच्या काठ्या हव्यात, आणि त्या उत्तम हव्यात.

ती खेळाच्या सामानाच्या दुकानात गेली. दुकानदाराने भिंगरीला उभे केले, तिची मनगटे पाहिली, दोन-तीन काठ्या फिरवायला दिल्या. मग म्हणाला, "आत्या, तुम्हाला खरं सांगू? अजून वर्षभर मैदानावरच्याच काठीने खेळू दे. एक पैसा लागत नाही. घ्यायच्याच असतील तर या चार हलक्या घ्या. पूर्ण पिशवीचं या वयात काय काम? पोरगी वाढेल तशी एकेक वाढवा."

"आणि हे तिकडे टांगलंय ते?"

"ते मुरलेल्या खेळाडूंचं. त्याने हिचे हात जातील."

आत्या बाहेर पडली आणि वाटेत भिंगरीला म्हणाली, "जो दुकानदार घेऊ नका म्हणतो, त्याच्या मालात काहीतरी खोट असणार. आणि चार काठ्या म्हणजे काय? अर्धी पँट शिवून गिऱ्हाइकाला पाठवायचं, आणि म्हणायचं, वाढाल तशी उरलेली देऊ?"

त्याच आठवड्यात उंच साहेब पँटी घ्यायला आले आणि आमचा विषय निघाला. दुकानातल्या चार काठ्यांना जे पडत होते, तेवढ्यातच आमची अख्खी पिशवी मिळत होती, आणि तीही अशा माणसाची, ज्याचा फटका बघायला लोक थांबत. कोणासाठी हव्यात, हे साहेबांनी विचारले नाही. आत्यानेही सांगितले नाही. तिने आपले ओव्हरलॉकचे मशीन विकले. कपड्याच्या कडा आता हाताने टाचाव्या लागणार होत्या. ती म्हणाली, "हातांना तरी दुसरं काय काम आहे?"

अशी मी आत्याच्या घरी आले.

आता मी उंच साहेबांच्या मापाची, आणि भिंगरी त्यांच्या कमरेएवढी. आत्याला यात काहीच अडचण वाटली नाही. तिचे सारे आयुष्यच थोरल्याचे कपडे धाकट्याला बसवण्यात गेले होते. तिने भिंगरीला टेबलावर उभे केले, मनगटापासून खाली माप घेतले आणि माझ्या दांड्यावर खडूने रेघ मारली. मग ती रेघ पुसून जरा वर मारली. वाढत्या अंगाचे कपडे शिवताना शिवणीत थोडे कापड जास्तीचे सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. आत्याने माझ्यातही माया सोडली.

कापायला आम्हाला शेजारच्या नळवाल्याकडे नेले. त्याच्याकडे पाइप कापायचे हत्यार होते.

"आत्या, नीट विचार केलाय ना?" तो म्हणाला. "पाइपसुद्धा आखूड केला की ताठ होतो. लांब असला की वाकतो."

"तू नळ बघ. सगळ्या गल्लीचे गळतात."

"ते वायसर खराब येतात हो हल्ली!"

"मापाचं तू मला शिकवू नकोस. काप."

त्याने कापले. मित्रांनो, दुखले, पण मी काठी आहे, मला ओरडता येत नाही. माझा वरचा भाग कचऱ्याच्या डब्यात पडला. साहेबांच्या मोठ्या हातांची मूठ आत्याने सोलून काढली आणि त्या जागी मऊ चामड्याचे आवरण शिवले. एका जुन्या कोटाच्या कोपराला लावलेले ते चामडे होते. मेण लावलेल्या दोऱ्याने तिने इतके बारीक टाके घातले होते की बोट फिरवले तर कळू नयेत. दिसायला मी पूर्वीपेक्षा सुंदर झाले. पण आधीच ताठ असलेला माझा दांडा आखूड होऊन आणखी ताठ झाला होता. पाते मात्र उंच साहेबांचेच होते, तसेच जड, तसेच हट्टी.

भिंगरीने मला पाहिले आणि ती आत्याच्या गळ्यात पडली. "माझी? एकटीची?"

"नाही, अर्धी नळवाल्याची. अगं, तुझीच! जा, मार."

ती अंगणातून, फटीतून मैदानात पळाली. आत्या खिडकीत उभी राहिली. भिंगरीने मला मागे नेले आणि पट्टी फिरवावी तशी आनंदाने फिरवले. चेंडू मधोमध लागला नाही. माझ्या अंगातली झिणझिणी तिच्या मनगटात शिरली. चेंडू गवतावरून सरपटत बाजूला गेला. तिने मनगट दाबून धरले. मग तिला खिडकी आठवली. तिने वळून हात हलवला आणि ती हसली.

त्यानंतर रोज हेच चालले. मी तिच्या मुठीत असे, म्हणून जे आत्याला खिडकीतून दिसत नव्हते ते मला कळे. तिची मूठ दिवसेंदिवस घट्ट होत गेली. घट्ट मूठ म्हणजे भीती. चेंडूला मारण्याआधीच तिचे खांदे आक्रसत. घरी शिरण्यापूर्वी ती चिंध्यांच्या टोपलीतली अस्तराची पट्टी मनगटाला गुंडाळी आणि वर बाही ओढून घेई. आत्याला टोपलीतल्या पट्ट्या कमी झालेल्या दिसल्या. "एवढी मोठी झालीस आणि अजून बाहुल्या खेळतेस का गं?" ती म्हणाली. भिंगरी "हो" म्हणाली.

मास्तरांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

"ती काठी ठेव बाजूला," ते म्हणाले. "आपली जुनी घे."

"नको मास्तर. आत्या खिडकीतून बघते."

"बघू दे. मी बोलतो तिच्याशी."

"नका ना!" भिंगरीने त्यांचा हात धरला. "तिने मशीन विकलं माझ्यासाठी. आता सगळं हाताने टाचते. तिला कळलं तर तिला किती वाईट वाटेल! मी करीन सराव. येईल मला. तुम्ही सांगणार नाही म्हणा. शपथ घ्या."

मास्तर भले माणूस होते. भले होते म्हणूनच त्यांनी शपथ घेतली.

इकडे आत्या खिडकीतून बघत होती की पूर्वी आभाळात जाणारे चेंडू आता जमिनीवर लोळतात. एवढ्या उत्तम काठ्या असून असे होते, म्हणजे पोरीचे लक्ष नाही, एवढेच तिला सुचले. ती रागावू लागली.

"साहेबांच्या हातात हीच काठी काय बोलायची! आणि तुझ्या हातात मुकी झाली. तुला जायचंय का बापाकडे? तसं असेल तर सरळ सांग."

भिंगरी ताटावरून उठली आणि मागच्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ सराव केला.

निवडीचा दिवस आला. आत्याने ठेवणीतले कपडे घातले, दुकान बंद ठेवले आणि मैदानाच्या कडेच्या बाकावर जाऊन बसली. शेजारी तिचे भाऊ बसले.  बाकीची मुले मारून झाली. भिंगरीची पाळी आली, तेव्हा मास्तर पुढे झाले. त्यांच्या हातात मैदानावरची जुनी हलकी काठी होती. त्यांनी ती तिच्यापुढे धरली.

भिंगरीने त्या काठीकडे पाहिले. मग बाकाकडे पाहिले. आत्या ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, आणि तिची नजर माझ्यावर होती, आपण घातलेल्या टाक्यांवर.

भिंगरीने मान हलवली आणि मला उचलले.

पहिला चेंडू बुटका गेला. दुसरा बाजूच्या झुडपात शिरला. तिसऱ्याला तिने सगळा जीव एकवटून मारले. चेंडू माझ्या पात्याच्या अगदी टोकाला लागला. तिच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण मूठ उघडली आणि मी गवतावर पडले. ती वाकली, तिने मला डाव्या हाताने उचलले, कारण उजवा उचलत नव्हता, आणि ती पुन्हा उभी राहिली. बाकीचे चेंडूही तिने मारले. एकही सोडला नाही.

संघात तिचे नाव आले नाही.

आत्या उठली आणि तडक मास्तरांपाशी गेली. "माझी पोर कशात कमी होती? तुम्हीच म्हणाला होतात ना, हिच्या हातात खेळ आहे म्हणून? की कोणाचा वशिला आला?"

 शपथ मोडायला आता उशीर झाला होता, तरी मास्तरांनी ती मोडली. त्यांनी मला आत्याच्या हातात दिले आणि चेंडू ठेवला. "मारा," ते म्हणाले.

"मी?"

"तुम्हीच. जोरात मारा."

आत्याने दात-ओठ खाऊन मारले. झिणझिणी तिच्या बोटांतून खांद्यापर्यंत गेली. तिने मला टाकले आणि हात छातीशी धरला. मग मास्तरांनी जुनी हलकी काठी दिली. आत्याने त्या काठीनेही मारले. चेंडू वेडावाकडाच गेला, पण हाताला काही झाले नाही.

आत्या त्या हाताकडे बघत राहिली. तिची सगळी भाकरी त्या बोटांवर होती, त्यामुळे बोटांचे म्हणणे तिला लगेच समजले.

"हे तिला रोज व्हायचं?" तिने विचारले.

"रोज."

"आणि तुम्हाला माहीत होतं?"

मास्तरांनी मान खाली घातली. आत्याने भिंगरीला जवळ ओढले आणि तिची बाही वर केली. अस्तराची पट्टी तिने ओळखली. तिने ती सोडली नाही. फक्त त्या सुजलेल्या मनगटावर आपला हात ठेवला. "बोलली का नाहीस गं?" ती म्हणाली. भिंगरी म्हणाली, "तू किती छान शिवलं होतंस."

आत्याने भावाची पुष्कळ विनवणी केली. एक वर्ष दे, म्हणाली. चूक पोरीची नाही, माझी आहे, म्हणाली. त्यांचे डोळे भरले, पण ते म्हणाले, "ताई, शब्द झाला होता. आणि तिथे घरात हिची खरंच गरज आहे गं." त्यात खोटे काही नव्हते.

शाळेचे वर्ष संपले तशी भिंगरी आपली पेटी घेऊन गेली. मला न्यायचे तिच्या मनात होते. आत्याने नेऊ दिले नाही.

त्यानंतर आत्याने मला रागाने फेकून दिले असते तर मला समजले असते. पण तिने मला दुकानाच्या कोपऱ्यात ठेवले. कधी उंचावरचे कापड ओढायला, कधी अर्धवट अडकलेले शटर वर लोटायला ती मला वापरी. पावसात भिजले तर तशीच ठेवी. हळूहळू पात्यावर तांबूस ठिपके आले आणि पसरले. आत्या पूर्वीसारखीच काम करी, पण जीभ मंदावली होती. कोणी भांडायला आले तर ती पँट ठेवून घेई आणि म्हणे, "करून देते."

एक दिवस ती त्याच खेळाच्या दुकानात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात चार हलक्या काठ्या होत्या, जाड पात्याच्या, भिंगरीच्या अचूक मापाच्या. कामाचे तास वाढवून, हळूहळू, तिने त्यांची सोय केली होती. "सुट्टीत येईल तेव्हा खेळेल," तिने नळवाल्याला सांगितले. "या वेळी माझी अक्कल नाही चालवली. दुकानदाराने सांगितलं तेच माप घेतलं. मायाबिया काही नाही." तिने त्या काठ्यांवर कापडाच्या टोप्या शिवल्या आणि त्या कपाटाच्या वर ठेवल्या.

पण सुट्टीत कधी बाळ आजारी असे, कधी सावत्र आई आजारी असे. भिंगरी आली ती सोळा वर्षांची होऊन. दारात उभी राहिली तेव्हा आत्याला वर बघावे लागले. बापाच्या कुळातली उंची तिने उचलली होती. आत्याने मोठ्या हौसेने काठ्या खाली काढल्या, टोप्या काढल्या आणि एक तिच्या हातात दिली. भिंगरी अंगणात उभी राहिली. चेंडूपर्यंत पोचायला तिला जवळजवळ कमरेतून दुमडावे लागले.

 मग भिंगरी म्हणाली, "आत्या, अगं, ही काठी आहे की लाटणं?" आणि आत्या हसली. डोळे पुसत पुसत हसली. भिंगरीने तसेच वाकून, गुडघे मोडून चेंडू मारला. तो कुंपणावरून उंच गेला. तिचे मनगट दुखले नाही. तिने दुसरा मारला, तिसरा मारला, आणि आत्या पायरीवर बसून, हनुवटीला हात लावून बघत राहिली. दोन दिवसांनी भिंगरी परत गेली. तिला घरी काम होते.

मित्रांनो, मी वाईट काठी नव्हते. मी दुसऱ्याच्या हाताची होते. आत्याही वाईट नव्हती. तिने आपल्या माणसासाठी सर्वांत भारी ते आणायचे ठरवले, आणि जे सर्वांत भारी ते सर्वांना बसत नाही. तुमच्यासाठी कोणी काही आणील, काठी असो, बूट असो, नाहीतर आणखी काही. ते टोचत असेल तर सांगा. देणाऱ्याला थोडे वाईट वाटेल. वाटू द्या. ते वाईट वाटणे दोन दिवसांचे असते. आणि तुम्ही मोठे व्हाल, कोणासाठी काही घ्यायला जाल, तेव्हा दुकानात टांगलेले बघू नका, आधी ज्याला द्यायचे त्याचे हात बघा. तो आज कसा खेळतो ते बघा, तुमच्या मनात तो जसा खेळतो ते नको. आपल्या खिशात मावेल तेवढेच आणि त्याच्या अंगाला पेलेल तेवढेच घ्या. घरी आणल्यावर त्याला विचारा, दुखत तर नाही ना? एकदाच विचारून थांबू नका. तो नाही म्हणेल, हसेल, हातही हलवील. त्याची बाही वर करून बघा.

भिंगरी आता मोठ्या शाळेच्या शेवटच्या वर्गात आहे. ती खेळत नाही. आत्या या हिवाळ्याच्या सुरुवातीला, एका बुधवारी सकाळी, दुकान उघडण्याआधी वारली.